फाटक गाळलेली ओळ

माणूस ओळखायचा असेल तर तो काय गाळायला सांगतो ते बघावं. हे मला धंद्यानं शिकवलं. उल्हासनगरात कॅम्प चारला माझं ‘उन्नती ग्राफिक्स’ आहे, मुलीच्या नावानं. पत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं सगळं करतो, पण नाव झालंय ते लग्नाच्या बायोडाट्यांसाठी. सिंधी येतात, मराठी येतात, युपीवाले येतात. टेबलाशी बसून अर्धा तास खानदान सांगतात आणि उठता उठता आवाज खाली आणून म्हणतात, “वो पहलेवाली सगाई का मत डालना.”

त्याची मी वही ठेवतो. तारीख, गिऱ्हाईक, काय गाळलं. उद्या कोणी भांडायला आला तर दाखवायला असावं. जन्मसाल दोन वर्षं पुढे. काकाची कोर्टकेस नको. चष्मा नको, फोटोत असला तरी. एका मुलाच्या आईनं ‘शुद्ध शाकाहारी’ टाकायला लावलं आणि जाताना समोरच्या गाडीवर दोन ऑम्लेट पाव बांधून घेतले. मी बोलत नाही. माझा नियम एकच, ज्या शब्दानं समोरच्याला प्रश्न पडेल तो शब्द काढायचा. बायोडाटा हा उत्तरांचा कागद आहे.

शीलाताई मात्र गाळायला काही सांगायच्या नाहीत. अंबरनाथला एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये क्लार्क होत्या. एकांकिका लिहायच्या, स्पर्धेची पत्रकं माझ्याकडे छापायच्या, त्यातून ओळख. २००७ साली त्या तीन लांब वह्या घेऊन आल्या. सिनेमाची पटकथा. म्हणाल्या, “कमलेशभाऊ, टाईप करायची. जशीच्या तशी. एक अक्षर इकडचं तिकडं नको.”

“शुद्धलेखन?”

“ते करा. तेवढं तुमचं.”

गोष्ट त्यांच्या आईची होती. जनाबाई अंबरनाथच्या एका शाईच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. नवरा वारलेला, दोन मुली, शीलाताई मोठ्या. ब्याऐंशी साली कारखान्यात संप झाला. सहा महिने जनाबाई सगळ्यांबरोबर फाटकाबाहेर बसल्या. सातव्या महिन्यात कंपनीच्या टेम्पोत ताडपत्रीखाली बसून मागच्या फाटकातून आत कामाला गेल्या. कोणाला कळलं नसतं, पण शाई लपत नाही. संपात ज्याची बोटं निळी तो आत गेलेला, एवढा सोपा हिशोब होता. जनाबाईंनी राखेनं घासली, रॉकेलनं घासली, लिंबू चोळलं. नखांच्या कडेची शाई काही जाईना. वस्तीनं बोलणं टाकलं. संप मिटला तरी टाकलेलंच. बुद्धजयंतीला त्यांच्या घरची खीर घ्यायला कुणी वाटी पुढे करायचं नाही. हे नऊ वर्षं.

“आईनं लिहू दिलं?” मी विचारलं.

“एका अटीवर. मी आत गेले हे लपवायचं नाही, म्हणाली. पिक्चर झाला नाही तरी चालेल, पण सांगायचं तर ते सांगायचं. पंचवीस वर्षं सगळ्यांना माहीत आहे, तिला कोणी विचारलं नाही कधी.”

मी रोज आठ-दहा पानं टाईप करायचो. चांगलं लिहिलं होतं. ‘प्रसंग एकतीस’पर्यंत मी वाचक आणि टायपिस्ट दोन्ही होतो.

प्रसंग एकतीसमध्ये जनाबाई उघडउघड पुढच्या फाटकातून आत जायला निघते. बोटं निळी झाल्यावर लपवायचं काय? फाटकावर युनियनचे लोक. त्यातला एक उंच, डाव्या कानाची पाळी फाटलेला माणूस पुढे येतो. सगळे त्याला हरीदादा म्हणतात. तो तिच्या हातातला डबा घेतो, उघडतो आणि रस्त्यावर पालथा करतो. भात आणि सुकटाची चटणी. म्हणतो, “कंपनीचं खातेस ना, मग हे कशाला वाहतेस?” लोक हसतात. आठ वर्षांची मुलगी समोरच्या टपरीआडून बघत असते. आई रिकामा डबा उचलते, झाकण लावते आणि आत जाते.

माझ्या वडिलांचं नाव हरिचंद्र. डाव्या कानाची पाळी लहानपणी बैलाच्या शिंगानं फाटलेली. त्याच कारखान्यात मिक्सिंगला होते.

प्रसंग मी टाईप केला. जसाच्या तसा. एक अक्षर गाळलं नाही, हे मला माझ्या बाजूनं सांगायला हवं, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

आम्ही बदलापूरजवळच्या सोनिवलीचे. त्या रविवारी बाबा ओट्यावर बसून गावदेवीच्या उत्सवाची कामं कोणाला कोणती त्याची यादी करत होते. कारखाना बंद पडल्यापासून शेती, आणि आता गावात त्यांना विचारल्याशिवाय मांडवाचा खांब रोवत नाहीत.

“बाबा, संपात फाटकावर कोण असायचं?”

“सगलेच व्हते.”

“आत जाणाऱ्यांचे डबे ओतायचे म्हणे.”

नजर यादीवरून वर आली नाही. “कोनी सांगला तुला?”

“एका गिऱ्हाइकानं.”

“गिऱ्हाइकाला बोल, पत्रिका छाप न घरी जा.” थोड्या वेळानं, मी उठल्यावर, स्वतःशीच म्हणाले, “तवाचा तवा गेला.”

महिन्याभरानं शीलाताई धापा टाकत दुकानात आल्या. अंधेरीतल्या एका कंपनीनं नव्या लोकांकडून मराठी पटकथा मागवल्या होत्या. शनिवारी स्वतः जाऊन द्यायची. पण पहिल्या पानावर गोष्ट एका ओळीत हवी, जास्तीत जास्त पंचवीस शब्द. तिला ते लोक लॉगलाइन म्हणतात. ती ओळ आवडली तरच पुढचं पान उलटणार, नाहीतर पटकथा तशीच परत.

“तुम्ही बुटक्या मुलांना ‘मध्यम बांधा’ करता,” त्या म्हणाल्या. “माझी आई पंचवीस शब्दांत बसवून द्या.”

“तुम्ही काय लिहिलंत ते तर दाखवा.”

त्यांनी कागद काढला. ‘औद्योगिक स्थित्यंतराच्या आणि कामगार चळवळीच्या पार्श्वभूमीवर…’

“ताई, पार्श्वभूमीतच निम्मे शब्द गेले. आई कधी येते?”

“येते ना. तिसऱ्या ओळीत.”

“तिसऱ्या ओळीपर्यंत अंधेरीचा साहेब चहाला गेला.”

त्या हसल्या. मग आम्ही बसलो. मी माझ्या पद्धतीनं विचारत गेलो. कोण आहे? काय करते? केल्यानं काय बिघडतं? त्यांनी लिहिलं, ‘जनाबाई नावाची एक कष्टाळू स्त्री’. मी म्हटलं, नाव काढा, अंधेरीत जनाबाईला कोण ओळखतं? कष्टाळूही काढा, कारखान्यात कोण लोळायला जातं? ‘स्त्री’च्या जागी ‘विधवा’ घाला, नवरा नाही हे सांगायचे शब्द वाचतात. त्या ‘सामाजिक बहिष्कार’ सोडेनात. मी विचारलं, “तुमच्या वस्तीत हा शब्द कोणी वापरला होता?” त्यांनी विचार केला. “नाही. माफ केलं नाही, असं म्हणायचे.” मग तेच घाला म्हटलं. निळी बोटं कुठेच नव्हती. ती त्यांना फार बारीक गोष्ट वाटत होती. मी म्हटलं, “तीच तर एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कोणाच्या पिक्चरमध्ये नसेल.” हेही माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

सहा कागद फाडल्यावर ओळ झाली:

‘शाईच्या कारखान्यात संप असताना एक विधवा पोरींसाठी मागच्या फाटकातून कामावर जाते, पण तिची निळी बोटं वस्तीला सगळं सांगतात, आणि संप मिटल्यावरही वस्ती तिला माफ करत नाही.’

शीलाताईंनी पेनाच्या टोकानं मोजलं. सव्वीस.

“‘पण’ काढा,” मी म्हटलं. “बोटं सांगतात म्हटल्यावर ‘पण’ आलाच.”

पंचवीस. त्यांनी ओळ दोनदा मोठ्यानं वाचली. बाजूच्या जीन्सच्या कारखान्याचा शेठ लेबलं छापायला द्यायला आला होता, तो थांबून ऐकत होता. मी त्याला हिंदीत सांगितलं.

“साईं,” शेठ म्हणाला, “ये औरत सही है के गलत?”

“वही तो पिक्चर है,” शीलाताई म्हणाल्या.

“तो फिर टिकट लेना पडेगा!” आणि लेबलं टाकून निघून गेला.

अशी ओळ माझ्या हातून पुन्हा झाली नाही. तेवीस वर्षं पत्रकारिता केलेल्या माणसालाही एका बैठकीत जमली नसती. ती रात्रभर माझ्या डोक्यात राहिली आणि त्या ओळीमागोमाग सगळा पिक्चर दिसायला लागला. बदलापूरच्या थिएटरात गावची माणसं बसलीत. फाटक येतं. फाटक आलं की फाटकावरचा माणूस येणारच. पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणतं, अरे हा तर आपला हरीदादा.

शुक्रवारी दुपारी त्या कामावरून मधली सुट्टी काढून प्रिंट न्यायला आल्या.

“ताई, मी काय म्हणतो,” मी म्हटलं, “ते फाटक आणि माफीचं काढू या का?”

“का? काल तर तुम्हीच…”

“काल शेठचं ऐकलंत ना? पहिल्या वाचनात प्रश्न. उद्या साहेब म्हणेल, ही तर संप फोडणारी बाई.”

“आहेच ती.”

“आत पटकथेत आहे की सगळं. पण ओळ म्हणजे घराचं दार. दारात कोणी भांडण मांडतं का? आधी पाहुणा आत येऊ दे.”

त्या घड्याळाकडे बघत होत्या. “आईची अट आहे, कमलेशभाऊ.”

“अट पटकथेची आहे. ती मोडत नाही आपण. हजारेक बायोडाटे केलेत मी ताई, ज्याच्यावर प्रश्न पडतो तो बाजूला राहतो.”

नियम खरा होता. हजार बायोडाटेही खरे होते. त्यामुळे मला खोटं बोलायची गरजच पडली नाही. शीलाताईंनी ओठ चावला, मग म्हणाल्या, “तुम्हाला अनुभव आहे. बघा.”

मी आधीच टाईप करून ठेवलेलं होतं:

‘संपाच्या काळात एका विधवा आईनं आपल्या दोन मुलींसाठी एकटीनं दिलेली जिद्दीची झुंज.’

“बारा शब्द!” मी म्हटलं. “पंचवीस मागितले, बारात दिलं.”

त्यांनी वाचलं. “छान वाटतंय,” असं म्हणाल्या खऱ्या, पण मोठ्यानं वाचलं नाही. प्रिंट पिशवीत घालून पळाल्या. त्या दिवशी वहीत मी नोंद केली नाही. वहीत गिऱ्हाइकानं गाळायला सांगितलेलं लिहितो, आणि इथे गिऱ्हाइकानं काही सांगितलंच नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी त्या आल्या. पिशवीत पटकथा तशीच, स्पायरल बाइंडिंगचा कोपराही दुमडलेला नाही.

“साहेब चांगला होता,” त्या म्हणाल्या. “शनिवारी पटकथा ठेवून घेतली, आज परत न्यायला बोलावलं. बसा म्हणाला, पाणी दिलं. ओळ पुन्हा वाचली. म्हणाला, ‘मॅडम, माँ है, बेटियाँ हैं, संघर्ष है. इसमें आपका क्या है?’”

“मग?”

“मग मी सांगायला लागले. टेम्पो, ताडपत्री, बोटं, सगळं. त्यानं ऐकलं हो. पेन खाली ठेवून ऐकलं. आणि विचारलं, ‘ये लिखा क्यूं नहीं?’”

मी टेबलावरचे कागद नीट लावत होतो.

“काय सांगू त्याला? लिहिलं होतं, मग काढलं? म्हणाला, वाचायच्या पटकथांची यादी सकाळीच वर गेली. मग माझ्यासाठी फोनही केला त्यानं. वरून नाही म्हणाले.” त्यांनी मला एक वाकडा शब्द दिला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही काय करणार, चूक माझी. मीच मान डोलावली. पण आता आई मागे लागलीय. ओळ वाचून दाखव म्हणते. माझी हिंमत नाही. रविवारी याल का? तुम्ही नीट समजावून सांगाल.”

रविवारी सकाळी गेलो. अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. जनाबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू.

“जय भीम, मावशी.”

“जय भीम. बस. तूच का तो, लोकांची लग्नं जमवणारा?”

“जमवत नाही मावशी, फक्त लिहितो.”

“मंग तर तुला पापच लागत आसंल.” आणि हसल्या. “वाच. काय लिवलं माझं?”

मी वाचलं. बारा शब्दांना वेळ तो किती लागणार!

“ही कोन?” जनाबाई म्हणाल्या.

“तुम्हीच की.”

“मी कुठली? ही तर भिंतीवरच्या जाहिरातीतली बाई. मी आत गेले ते कुठाय?”

“ते गाळलं मावशी. वाचणाऱ्याला प्रश्न पडतात.”

“पडू दे की. मला पंचवीस वर्सं पडल्यात.” त्यांनी शीलाताईंकडे बघितलं. “शीले, मी काय सांगितलं व्हतं तुला?”

शीलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. “चुकलं, आई.”

“चुकलं म्हंजी? मी काय चोरी केली व्हती का, दडवायला? पोरी उपाशी व्हत्या म्हनून गेले. आन् बाहेर बसलेल्यांच्या पोरी काय जेवून बसल्या व्हत्या? त्याबी उपाशी. त्ये लोक चूक नव्हते. मीबी चूक नव्हते. हे कुनाला सांगायचं म्हनून तर तुला लिवायला दिलं.”

चहा आला. मग जनाबाईच म्हणाल्या, “आन् त्या डबा वतनाऱ्याचं काय दाखवलंस?”

“ते आहे, आई. प्रसंग एकतीस. सगळं आहे.”

“भोपळ्याचं?”

“कसला भोपळा?”

“कारखाना बंद पडला त्या साली आला व्हता तो. दारात. सायकलवर भोपळा बांधून. ह्यो येवढा. मी म्हटलं, काय? तर बोलंना. उंबऱ्यात भोपळा ठेवला आन् उभाच. मंग गेला. मी मागनं आवाज दिला तरी वळला न्हाय.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस!” शीलाताई जवळजवळ ओरडल्या.

“तू इचारलं कवा? तू आपली डब्याचंच इचारीत बसलीस.”

“मग केलंस काय त्या भोपळ्याचं?”

“काय करनार? भाजी केली. आठ दिस पुरला.” जनाबाईंनी कप खाली ठेवला. “लई येळा वाटतं, का आला आसंल? माफी मागाया, का कारखाना बुडाला म्हनून रडाया, का निसतंच? हरी म्हनत त्याला. सोनिवलीकडचा व्हता कोन. तू कुठला रे, पोरा?”

“बदलापूरचा,” मी म्हटलं.

“नाव?”

“कमलेश.”

“आन् बापाचं?”

आमच्याकडे पूर्ण नाव सांगताना बाप मधोमध येतो. आजवर हजारो वेळा मी तो लोकांच्या बायोडाट्यात घातलाय.

“ते शेती करतात,” मी म्हटलं.

नाव विचारलं आणि मी धंदा सांगितला. जनाबाईंना ते खटकलं नाही. एक डोळा अधू आणि मनात भोपळा. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बदलापूर खोटं नव्हतं. शेतीही खोटी नव्हती. गाळलं होतं, एवढंच.

पंधरा दिवसांनी शीलाताईंनी नवी पानं पाठवली. पटकथेचा शेवट बदलला होता. नव्या प्रसंगात फाटक्या पाळीचा माणूस सायकलवरून येतो, उंबऱ्यात भोपळा ठेवतो, उभा राहतो, जातो. एवढंच. पूर्वीच्या शेवटापेक्षा हे कितीतरी सरस होतं. पहिल्या पानावर त्यांनी आपल्या हातानं जुनी पंचवीस शब्दांची ओळ परत लिहिली होती. आणि नव्या प्रसंगाशेजारी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘कमलेशभाऊ, हा माणूस का आला असेल? कारण सापडलं तर शेवट होईल. पुण्याच्या एका संस्थेत द्यायचीय. तुम्हाला काय वाटतं?’

ती पानं मी दोन दिवस ठेवून घेतली. त्या दोन्ही दिवशी संध्याकाळी बाबा घरी ओट्यावरच होते. पहिल्या दिवशी मी शेजारी जाऊन बसलो. उन्नतीच्या शाळेचं बोललो, पलीकडे खरवईला नव्या बिल्डिंगी उठतायत त्याचं बोललो. ते म्हणाले, “काय इचारायचाय का तुला?” मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी बसलोच नाही. त्यानंतर बाबा अडीच वर्षं होते.

समासात मी खाली लिहून पाठवलं: ‘कारण नको. प्रेक्षकांवर सोडा.’

दोन दिवसांनी शीलाताईंचा फोन आला. आवाज खुशीत होता.

“पटलं तुमचं. कारण दिलं की प्रसंग हलका होतो. तसाच ठेवते.”

“आईंना वाचून दाखवलंत?”

“दाखवलं. ओळ आवडली तिला. म्हणाली, आता मी हाये हितं. शेवटाला मात्र म्हणाली, का आला होता ते कळलं असतं तर बरं झालं असतं.” त्या हसल्या. “आता तिला काय सांगायचं, प्रेक्षकांवर सोडलंय म्हणून? बरं, प्रिंट कधी देताय?”

“सोमवारी,” मी म्हटलं.